आधी व्हिनेगर

आदोबो, म्हणजे फिलिपिन्समध्ये घरोघरी होणारा पदार्थ, मुळात काळा नव्हता. मोबाइलवर शोधलं की दिसतो तो चकचकीत, काळपट, सोया सॉसमध्ये न्हालेला. वर शोभेला एक पान. तसाही चांगला लागतो, नाही कोण म्हणतंय. पण तो खाऊन माणसाचा समज होतो की हा सोया सॉसचा पदार्थ आहे आणि व्हिनेगर आपलं चवीपुरतं. प्रकरण नेमकं उलटं आहे. डुकराचं मांस व्हिनेगरमध्ये शिजवायचं, लसूण, मिरी आणि मीठ घालून: झाला आदोबो. सोया सॉस, साखर, बटाटा, उकडलेली अंडी, अननस हे सगळे मागाहून आलेले पाहुणे. त्यातला सोया सॉस राहायलाच आला आणि आता घर त्याच्याच नावावर आहे.

मी आदोबो पांढरा करते. इथे फिलिपिन्समध्ये त्याला 'आदोबोंग पुती' म्हणतात. घरात सोया सॉस असतो, नाही असं नाही. पण या भांड्याजवळ त्याला येऊ देत नाही. हा हट्ट का, ते सांगायला हा लेख.

आम्ही वसईचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे मुक्काम लॉस बान्योसला. मनिलाच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवर, माकिलिंग डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. १९६० साली इथे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था सुरू झाली. 'आयआर-८' ही बुटक्या ताटाची, भरघोस पिकणारी जात १९६६मध्ये इथूनच बाहेर पडली. त्यामुळे भातावर काम करणारी भारतीय माणसं या गावाला नवी नाहीत. आमच्याकडे वाटणी अशी आहे की नवरा भातावर काम करतो आणि मी भाताबरोबर काय खायचं त्यावर. घर ख्रिस्ती असल्याने डुकराच्या मांसाचं अप्रूप नव्हतं. नाताळाला, लग्नाला ते वसईतही शिजतंच. फक्त तिकडे ते लाल असतं, मिरच्यांनी.

इथल्या मंडईला पालेंगके म्हणतात. सकाळी लवकर जायचं, कारण मांस पहाटे येतं आणि दुपारनंतर गाळ्यावर उरतं ते आपल्या कामाचं नसतं. खाटकासमोर उभं राहिलं की तो पहिला प्रश्न विचारतो, "पांग-आदोबो?" म्हणजे आदोबोसाठी का? हो म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. तुकडे केवढे हवेत ते त्याला ठाऊक असतं. साधारण दोन बोटं रुंद आणि तेवढेच उंच, प्रत्येक तुकड्यावर कातडीचा पट्टा. मी लिएम्पो घेते, पोटाकडचं मांस. त्यात कातडी, चरबी, मांस, पुन्हा चरबी, पुन्हा मांस असे थर असतात. तब्येतीची काळजी असणारे कासिम घेतात, पुढच्या पायाचं, खांद्याकडचं. तेही चालतं. पण निव्वळ लाल मांस घेतलं तर व्हिनेगर त्याला कोरडंठाक करून सोडतं. कातडी काढून टाकणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, जेवायलाही बोलावत नाही. रस्सा ओठांना चिकटतो तो कातडीमुळेच.

आता व्हिनेगर. इथे त्याला 'सुका' म्हणतात आणि मंडईत त्याचा स्वतंत्र संसार असतो. कारखान्यातलं पांढरं, उसापासून केलेलं व्हिनेगर प्लास्टिकच्या पाऊचमध्येही मिळतं; बहुतेक घरांत रोजच्याला तेच. उत्तरेकडच्या इलोकोस भागातलं सुकांग इलोको तपकिरी, उसाच्या आंबवलेल्या रसाचं, त्याला गुळाकडे झुकणारा वास. बुलाकान प्रांतातलं पाओम्बोंग हे गाव खाडीकाठच्या नीपा पामच्या रसापासून केलेल्या व्हिनेगरसाठी ओळखलं जातं. ते काहीसं गढूळ आणि चवीला किंचित खारट. काविते प्रांतात काओंग नावाच्या ताडाचं होतं. इलोइलोकडे 'सिनामाक' म्हणून एक करतात, त्यात मिरच्या, आलं, लसूण, मिरी बाटलीतच मुरत ठेवलेली असतात. ते शिजवायला नाही, जेवताना बुडवून खायला.

माझं आवडतं सुकांग तुबा, माडाचं. आमच्यापासून जवळच सान पाब्लो, सात तळ्यांचं गाव, आणि त्याच्या पलीकडे केसोन प्रांत; तो सगळा पट्टा नारळाचा. तुबा म्हणजे आपली माडी. माणूस माडावर चढतो, पोय कापतो, खाली भांडं बांधतो. ताजी असताना गोड, संध्याकाळपर्यंत चढणारी, आणि तशीच ठेवून दिली तर काही आठवड्यांत व्हिनेगर. आपल्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. मंडईतली म्हातारी जुन्या रमच्या बाटल्यांत ते भरून विकते. बुचाऐवजी कागदाची गुंडाळी, तळाशी गाळाचा पांढरा थर. त्या थराला घाबरायचं नाही. बाटली हलवून वास घेतला की आधी माडीचा वास येतो आणि मग, क्षणभराने, नाक आपोआप मागे जातं. असं दोन टप्प्यांत येणारं व्हिनेगर घ्यायचं. एकदम डोळ्यांत पाणी आणणारं ठेवून द्यायचं फरशी पुसायला.

ही सगळी व्हिनेगरं काळ्या आदोबोत घातली तर एकसारखीच लागतात. सोया सॉसपुढे त्यांचं काही चालत नाही. माझा मुख्य आक्षेप तो आहे.

आदोबो स्पॅनिश लोकांनी आणला असं सरसकट सांगितलं जातं. नाव त्यांचं, हे खरं. पण इथल्या लोकांना डुक्कर आणि भात शिकवायला कुणी बाहेरून यायची गरज नव्हती. दर्यावर्दी मॅगेलनच्या स्पॅनिश ताफ्यात अंतोनियो पिगाफेत्ता नावाचा इटालियन होता. त्याने सगळ्या सफरीची टिपणं ठेवली म्हणून आपल्याला आज बरंच कळतं. मार्च १५२१मध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, लिमासावा बेटावरच्या राजाने त्याला जेवू घातलं. पिगाफेत्ता लिहितो की चिनी मातीच्या दोन मोठ्या थाळ्या आल्या, एकीत भात आणि दुसरीत रश्शासकट डुकराचं मांस. उपासाच्या दिवशी मांस खाल्लं याबद्दल तो लगेच सफाईही देतो: दुसरा इलाजच नव्हता म्हणे. आमच्या वसईतही गुड फ्रायडेला मांसाचं नाव काढत नाहीत, त्यामुळे त्याची अडचण मला समजते. पण त्याने थाळी परत पाठवली नाही हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तो रस्सा आंबट होता की नव्हता, ते त्याने लिहिलं नाही. त्यासाठी आणखी ब्याण्णव वर्षं पुढे यावं लागतं, आणि गंमत म्हणजे आमच्या जवळच यावं लागतं. लगूना तळ्याच्या काठाकाठाने गेलं की पिला नावाचं गाव लागतं. मोठं चर्च, समोर हिरवा चौक, भोवती जुन्या लाकडी माड्यांची घरं. १६१३मध्ये पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूचा तागालोग भाषेचा शब्दकोश याच गावात छापला गेला. छापणाऱ्यांमध्ये तोमास पिनपिन हा याच देशातला माणूस होता. त्या कोशात स्थानिकांच्या 'आदोबो'ची नोंद आहे. धर्मगुरूने इथल्या लोकांना मांस व्हिनेगरमध्ये घालताना पाहिलं, त्याला आपल्या देशातली मांस मुरवायची पद्धत आठवली आणि त्याने तेच नाव लावून टाकलं. उष्ण हवेत मांस टिकवायचं तर मीठ आणि व्हिनेगर हे कुणालाही सुचेल. त्यासाठी स्पेन लागत नाही. चिनी व्यापारी इथे स्पॅनिशांच्याही आधीपासून ये-जा करत होते, त्यांच्याकडचा सोया सॉस पुढे स्वयंपाकघरांत रुळला आणि आदोबोतल्या मिठाची जागा त्याने हळूहळू घेतली. आदोबोत घालतात ती लॉरेलची पानं, म्हणजे बे लीफ, भूमध्य समुद्राकडची. म्हणजे पांढऱ्या आदोबोतूनही लॉरेल काढून टाकला तरच खरा जुना आदोबो उरेल. तेवढी कर्मठ मी नाही. दोन पानं घालते.

करायला बसलं की पहिली गोष्ट भांडं. मातीचं 'पालायोक' असेल तर उत्तम, नाहीतर जाड बुडाचं स्टील. ॲल्युमिनियम नको, लोखंडी कढई नको. आंबट बिनकल्हईच्या पितळेत करू नये हे जिला माहीत आहे तिला कारण सांगायला नको. किलोभर मांस, अर्धी वाटी माडाचं व्हिनेगर, दीड-दोन वाट्या पाणी, लसणाचा एक अख्खा गड्डा ठेचून, चमचाभर अख्खी मिरी, दोन लॉरेलची पानं, दीड चमचा मीठ. कांदा नाही. आलं नाही. वाटण नाही. फोडणी नाही. इथे आपल्याकडच्या कुठल्याही बाईचे हात शिवशिवतात. निदान कांदा तरी परतून घेऊ, थोडी मिरपूड भुरभुरवू. नाही. मिरी कुटायचीसुद्धा नाही. ती शिजून फुगते, मऊ होते आणि जेवताना मध्येच दाताखाली येते, तेव्हा तिचं काम होतं. पूड घातली तर सगळ्या रश्शाला एकच ठसका लागतो आणि रंगही मातकट होतो.

लसूण मात्र नीट बघून घ्यावा. बाजारात बाहेरून आलेला मोठ्या, पांढऱ्याशुभ्र पाकळ्यांचा लसूण ढिगाने असतो, सोलायला सोपा आणि चवीला मवाळ. इलोकोसचा लसूण बारीक पाकळ्यांचा, जांभळट सालीचा, आपल्या गावरान लसणाच्या जातकुळीचा. सोलताना नखं दुखतात. पण तासभर व्हिनेगरमध्ये उकळूनही तो लसूणच राहतो.

सगळं भांड्यात एकत्र घालून अर्धा तास तसंच ठेवते. मग मध्यम आच. पाच-सात मिनिटांत पहिली वाफ येते आणि तेव्हा भांड्यावर तोंड धरायचं नाही. ती वाफ घशात बसते. झाकण नाही, आणि ढवळायचंही नाही. 'हुवाग हालुइन', ढवळू नकोस, हे इथल्या प्रत्येक मुलीने आईकडून ऐकलेलं असतं. व्हिनेगर उकळायच्या आत चमचा घातलास तर कच्चा वास आत कोंडतो आणि मग तो जात नाही, असं ठामपणे सांगतात. रसायनशास्त्र यावर फारसं खूश होणार नाही. ॲसिटिक आम्ल ११८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी १००ला. पातळ व्हिनेगर उकळत असताना आम्लापेक्षा पाणीच जास्त वेगाने उडतं. नाकाला झोंबणारा पहिला झटका कमी होतो, पण आंबटपणा भांड्यातच राहतो, रस्सा आटेल तसा तो दाटतोच. पुढे तो मऊ लागतो त्याचं कारण वेगळं आहे: तोवर त्यात चरबी उतरलेली असते, मीठ मुरलेलं असतं आणि कातडीतला चिकट रस सुटलेला असतो. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी चमचा घालत नाही. घरमालकीणबाई मागच्या दाराने कधी आत येतील याचा नेम नसतो.

उकळी फुटली की आच मंद करून झाकण ठेवायचं. आता तासभर काही करायचं नाही. मध्ये एखादवेळी पाणी बघायचं. तासाने सुरी घेऊन एका तुकड्याच्या कातडीला टोचायचं. सुरी अडखळत गेली तर अजून पंधरा मिनिटं. सुरी सरळ आत गेली की झाकण काढायचं आणि आच वाढवायची. आणि इथून पुढे भांड्यापासून हलायचं नाही.

या शेवटच्या वीस मिनिटांसाठी मी हा पदार्थ करते. आधी रस्सा पांढुरका, पातळ असतो, मोठे बुडबुडे येतात. मग बुडबुडे बारीक आणि दाट होतात, आवाज खाली जातो. मग कडेला तेलाची रेघ दिसायला लागते. आपण मसाल्याला तेल सुटलं म्हणतो, इथे 'नागमामांतिका' म्हणतात. बघायचं तेच असतं. पाणी पूर्ण संपलं की आवाज पुन्हा बदलतो, बुडबुड ऐवजी चरचर. आता मांस स्वतःच्याच चरबीत तळलं जातंय. इतका वेळ ते फिकट, उकडलेल्यासारखं दिसत होतं, कारण आंबट पाण्यात मांसाला रंग धरत नाही. आता तीन-चार मिनिटांत कडा बदामी होतात, कातडीवर बारीक फोड येतात, लसणाच्या पाकळ्या विरघळून तुकड्यांना चिकटतात आणि सोनेरी होतात. मिरी फुटते, टप्प, आणि एखादी उडून हातावर येते. आता चमचा घालायला परवानगी आहे. हलक्या हाताने एकदा उलटसुलट करायचं, तळाशी लागलेलं खरवडून घ्यायचं.

दिसायला तो काळा नाही, आणि खरं सांगायचं तर पांढराही नाही. जुन्या हस्तिदंताचा रंग, कडांना तपकिरी. फोटोत साधाच दिसतो. पहिल्या घासाला जीभ आंबटपणाने थोडी आकसते, लगेच चरबी येते, मग मीठ, मग लसूण. माडाचं व्हिनेगर असलं तर शेवटी एक पुसट गोडी उरते. सोया सॉस घातला की या सगळ्या चवी एकाच वेळी तोंडात येतात, आणि आल्या काय न आल्या काय, लक्षात राहतो तो सोया सॉस.

काहीजण इतकं आटवत नाहीत, रस्सा ठेवतात, भातावर घ्यायला. काहीजण डुकराची कलेजी कुस्करून त्या रश्शाला दाटपणा आणतात. डुक्कर आणि कोंबडी एकत्र घालणंही सर्रास चालतं. मला त्यात कोंबडीचा बळी जातो असं वाटतं. तिला पाऊण तास पुरतो, डुकराला पुरत नाही.

घरमालकीणबाई बातांगासच्या. त्यांना आळीत सगळे 'आते' म्हणतात, आपल्याकडे ताई म्हणतात तसं. त्यांचा आदोबो पिवळा: 'आदोबो सा दिलाव', ओल्या हळदीचा. सोया सॉस तिथेही नाही. हळदीचं बोटभर कांड ठेचून त्या व्हिनेगरमध्ये टाकतात आणि बाकी सगळं माझ्यासारखंच. हळदीने आंबटपणाला एक कडवट, मातीची बाजू येते. पहिल्यांदा खाताना मी ओळखीचं माणूस अनोळखी गावात भेटावं तशी दचकले होते. त्यांची मुलगी मनिलात नोकरी करते आणि तिच्या आदोबोत सोया सॉस, साखर आणि वर पेलाभर स्प्राइट असतं. आते तिच्याकडे जातात तेव्हा तो निमूट खातात आणि परत आल्यावर माझ्याकडे येऊन तासभर बोलतात.

खाली बिकोलकडे नारळाचं दूध आणि मिरच्या घालून आदोबो होतो. व्हिसायास बेटांवर आदोबोचा एक चुलतभाऊ आहे, हुम्बा. त्याचं मूळ चिनी. त्यात आंबवलेले काळे सोयाबीन, वाळवलेली केळफुलं आणि भरपूर साखर. हुम्बा काळाच असायला हवा, तिथे माझी काही तक्रार नाही. पुसित म्हणजे माकुळाचा आदोबो त्याच्याच शाईत होतो. कांगकोंगचाही, म्हणजे आपल्या नाळीच्या भाजीचाही, आदोबो होतो, मिनिटभरात. सगळ्यांत समान काय? व्हिनेगर आणि लसूण. यादीतून एकेक पाहुणा काढत गेलं तर शेवटी हे दोघं उरतात.

२०२१च्या जुलैमध्ये इथल्या व्यापार आणि उद्योग खात्याने आदोबोचं प्रमाणीकरण करायचं मनावर घेतलं. परदेशात फिलिपिनो जेवणाची ओळख करून देताना एक मूळ कृती ठरलेली असावी, असा हेतू. पुढे सिनिगांग, लेचॉन, सिसिग या पदार्थांचाही नंबर लागायचा होता. बातमी आली आणि देशभर जो भडका उडाला तो बघण्यासारखा होता. माझ्या आईच्या आदोबोवर सरकार शिक्का मारणार का, असाच सगळ्यांचा सूर. खात्याला खुलासा करावा लागला की हे सक्तीचं नाही, घरोघरच्या आदोबोला कोणी हात लावणार नाही. आते तेव्हा इतक्या भडकल्या होत्या की त्यांचा स्वतःचा मुलीच्या स्प्राइटवरचा राग काही दिवस मागे पडला. सरकारपेक्षा मुलगी बरी.

मी तेव्हाही गप्प होते आणि आताही जपूनच बोलते. मी परकी. पण माझा पांढऱ्याचा आग्रह प्रमाणीकरणातला नाही. काळा करा, पिवळा करा, स्प्राइट ओता. फक्त एकदा तरी नुसता करून बघा, म्हणजे आपण कशात काय घालतोय ते कळेल.

परकी म्हणाले खरं, पण या पदार्थाकडे माझं लक्ष गेलं ते वसईमुळेच. वसई १५३४पासून १७३९पर्यंत, चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, पोर्तुगीजांकडे होती. वाइन आणि लसणात मांस मुरवायची त्यांची रीत गोव्यात आली, वाइनच्या जागी माडीचं व्हिनेगर आलं, अमेरिकेतून आणलेली मिरची आली, आपल्याकडचे जिरे-दालचिनी-लवंगा आल्या आणि विंदालू तयार झाला. मॅगेलन हाही मूळचा पोर्तुगीजच. १५०५मध्ये पोर्तुगीज आरमारातून तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन गेला होता आणि पुढे स्पेनच्या झेंड्याखाली इकडे पोचला. तेव्हा विंदालू आणि आदोबो भाऊ-भाऊ असं म्हणायचा मोह होतो, आणि बरेच जण म्हणतातही. मला ते पटत नाही. विंदालू पाहुण्यांच्या रीतीवर आपल्या लोकांनी चढवलेला साज आहे. आदोबो इथल्यांचाच, पाहुण्यांनी फक्त बारसं केलं. दोघांत खरोखर एक काय आहे तर माड. माड दिसला की त्याची माडी होते, माडीचं व्हिनेगर होतं आणि समोर डुक्कर असलं तर पुढचं ठरलेलंच.

स्वभावही वेगळे. विंदालूत व्हिनेगर मसाल्याच्या वाटणात विरघळून जातं, आंबटपणा मिरचीच्या मागे उभा राहतो. आदोबोत त्याला लपायला जागाच नाही. त्यामुळे विंदालूत साधंसुधं व्हिनेगर खपून जातं, इथे खपत नाही.

आदोबो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. हे विंदालूलाही लागू आहे, त्यात विशेष नाही. विशेष आहे ते त्या उरलेल्याचं सकाळी काय करतात ते. थंड चरबी भांड्यात पांढरी गोठलेली असते. दोन चमचे ती कढईत घ्यायची, भरपूर लसूण कुरकुरीत करायचा, कालचा शिळा भात मोकळा करून टाकायचा: सिनांगाग. आदोबोचे तुकडे हाताने पिंजून दुसऱ्या भांड्यात कोरडे, कुरकुरीत परतायचे. बाजूला टोमॅटोच्या फोडी आणि खारवलेलं अंडं. ही अंडी कच्च्यातून ओळखू यावीत म्हणून त्यांची टरफलं भडक राणी रंगात रंगवतात; मंडईत तो ढीग लांबून दिसतो. कच्च्या पपईचा आचारा असेल तर तोही. नवरा एरवी सकाळी पोळीशिवाय काही खात नाही. त्या दिवशी तो काही बोलत नाही.

महाराष्ट्रात करायचा असेल तर सोयीचं आहे. गोव्याहून कुणी येत असेल तर माडीच्या व्हिनेगरची बाटली सांगून ठेवा. म्हापशाच्या बाजारात सहज मिळते. किराणा दुकानात पाण्यासारखं स्वच्छ 'सिंथेटिक' व्हिनेगर मिळतं ते यासाठी घेऊ नका, त्यात आंबटपणाखेरीज काही नाही. काहीच मिळालं नाही तर उसाचं घ्या. तमालपत्र लॉरेलच्या जागी घालू नका. दिसायला दोन्ही वाळकी पानंच, पण तमालपत्रावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन ठळक शिरा दिसतात आणि वास दालचिनीकडे जातो. लॉरेलला मधली एकच शीर असते. तमालपत्राने आदोबो एकदम पुलावाच्या गावाला पोचतो. त्यापेक्षा पानच नको. मांस कातडीसकट मागा, खाटीक काढून टाकायच्या आत सांगा. प्रेशर कुकरमध्ये लावलंत तरी शेवटचं आटवणं मात्र उघड्या भांड्यातच करा.

आणि भात रोजच्यापेक्षा जास्त लावा. कोलम चालेल, इंद्रायणी त्याहून बरा. आंबेमोहोर नको, त्याचा वास मध्ये येतो. बासमती तर नकोच. मोकळ्या दाण्यावरून चरबी घसरून ताटात जाते आणि शेवटी ती पुसायला पुन्हा भातच घ्यावा लागतो.